गाडीतला कुबट वास : झाकू नका, ओळखा!

घरात काय नासले आहे हे गृहिणीला डोळ्यांच्या आधी नाकाने कळते. फडताळात मागे पडलेला कांदा, नीट न वाळलेली गोधडी, शेगडीपाशी सुटलेला गॅस. यांतले काही शोधायला तिला चष्मा लागत नाही. पण तीच बाई मोटारीत बसली, एसी सुरू झाला, समोरच्या जाळीतून कुबट हवेचा झोत तोंडावर आला आणि ती म्हणाली, "अहो, कसला हो वास येतोय?" की उत्तर ठरलेले! "मला तर काही येत नाही बुवा. तुझं नाकच तिखट!"

खरे म्हणजे यात दोघेही खोटे बोलत नसतात. एकाच वासात सतत राहिले की नाक हळूहळू त्याची दखल घेणे सोडून देते. रोज गाडी चालवणाऱ्याला तो वास अंगवळणी पडलेला असतो, तर बाहेरून येऊन बसणाऱ्याचे नाक ताजे असते. तेव्हा गाडीतल्या वासाबद्दल निवाडा करायचा झाला तर तो ताज्या नाकाने करावा. आणि एकदा वास आहे असे ठरले, की त्यावर अत्तराची बाटली लटकवून मोकळे होऊ नये. तो कुठून येतो, कशाचा आहे, हे आधी पाहावे. काही वास नुसते त्रासाचे असतात, काही मात्र जिवावरचे असतात, आणि सुगंधी बाटली दोन्ही सारखेच झाकून टाकते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीयांच्या दारात मोटार दिसू लागली. त्या काळी बहुतेकांच्या गाडीत काचा खाली करणे हाच एसी! वाऱ्याबरोबर वास उडून जायचा. आज लहानशा गाडीतही एसी असतो, काचा वर असतात, आणि चार-पाच माणसे तासन् तास गाडीतलीच हवा पुन:पुन्हा श्वासात घेतात. म्हणून त्या हवेची चौकशी करायला हवी.

तांब्याला घाम का येतो?

थंड पाण्याने भरलेला तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम सुटतो. हवेतली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. गाडीच्या एसीतही हेच घडते. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार पन्हाळ्यांची गुंडाळी असते. गॅरेजमध्ये तिला कूलिंग कॉइल म्हणतात. पंख्याची हवा तिच्यावरून थंड होऊन आपल्यापर्यंत येते आणि हवेतले पाणी कॉइलवर ठिबकते. ते एका लहान नळीतून गाडीखाली रस्त्यावर पडते.

आता विचार करा. ओली जागा, अंधार, वारा बंद, आणि वर पंख्याने ओढलेली धूळ. पावसाळ्यात मोरीतल्या ओल्या पोतेऱ्याचे जे होते, तेच तिथे होते. बुरशी आणि जंतू धरतात, आणि पुढच्या वेळी बटण दाबताच पहिला झोत ओल्या मोज्यांसारखा किंवा आंबटसर येतो. पाच मिनिटांनी तो कमी होतो, म्हणून आपण विसरतो. पण घरात दम्याचे मूल असेल, कुणाला धुळीची शिंक असेल, तर त्यांना हा झोत भोवतो.

केळशीला गेलेली गाडी

कोकणात हा प्रश्न दुप्पट होतो. दापोली तालुक्यातले केळशीच घ्या. एका बाजूला समुद्र, एका बाजूला भारजा नदीची खाडी, गावात नारळी-पोफळीच्या गर्द वाड्या आणि चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणारे अरुंद रस्ते. चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव, मेमध्ये आंबे, भाद्रपदात गणपती, म्हणजे पुण्या-मुंबईच्या गाड्या वर्षातून दोन-तीनदा तरी इथे येतात आणि आठ-आठ दिवस झाडाखाली उभ्या राहतात. परतीच्या वाटेवर वास सुरू होतो, तो उगाच नव्हे.

पहिले कारण मीठ. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते हे आपल्याला ठाऊक आहे. मुले समुद्रात डुंबून ओल्या कपड्यांनिशी गाडीत बसतात, पायांना वाळू असते. पाणी वाळते, पण मीठ बैठकीत आणि खालच्या गालिच्यात राहते, आणि दमट हवा आली की पुन्हा ओल ओढून घेते. असा गालिचा वरून कोरडा वाटला तरी खाली दमटच राहतो. उपाय सोपा आहे. पाय आणि वाळू गाडीबाहेर झाडावी, बैठकीवर जुनी चादर घालावी, आणि खारे पाणी सांडलेच तर ती जागा आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसून मग वाळवावी. मीठ काढल्याशिवाय नुसते वाळवून उपयोग नाही.

दुसरे कारण झाडे. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी, एक जाळीदार खाच असते. बाहेरची हवा गाडीत तिथूनच शिरते. आंब्याचा मोहोर, फणसाची पाने, बकुळीची फुले तिथे साठतात, पावसाने कुजतात, आणि कुजका वास थेट आत येतो. तोच पालापाचोळा पुढे पाणी जाण्याची वाट अडवतो. गाडी निघण्यापूर्वी बॉनेट उघडून ती खाच हाताने साफ करणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्याला मेकॅनिक लागत नाही.

तिसरे कारण उंदीर. गाडी चार दिवस हलली नाही की पेंढा, काथ्या, कापसाचे बोळे नेऊन उंदीर पंख्याच्या पेटीत घरटे करतात. तिथे मुतल्याचा उग्र वास येतो, आणि एखादा आत मेला तर पंखा लावताच गाडीत बसवत नाही. हे काम मात्र हलक्याने घेऊ नये. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. घरटे दिसले तर हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे, ब्लीचिंगचे पाणी शिंपडून दहा मिनिटे भिजू द्यावे आणि मग ओले असतानाच उचलावे. केरसुणीने कोरडे झाडू नये. धूळ उडते आणि तीच नाकात जाते. उंदीर वायरीही कुरतडतात, म्हणून त्यानंतर गाडी एकदा गॅरेजमध्ये दाखवावी.

उंदरांसाठी गाडीत डांबरगोळ्या ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सोडावी. उन्हात तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ कोंडते. ती कोणालाच बरी नाही, आणि लहान मुलांना तर मुळीच नाही.

ठिबकते का, ते पाहा

आता परीक्षा. तिला हत्यार लागत नाही. दमट दिवशी, जमीन कोरडी असताना, एसी पाव तास चालवा आणि गाडी उघड्यावर उभी करून खाली वाकून पाहा. पुढच्या बाजूला स्वच्छ पाण्याचे थेंब पडत असतील तर नळी मोकळी आहे. थेंबच नाहीत, आणि डावीकडे पुढे बसणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा ओला लागतो, तर नळी तुंबली आहे. पाणी आतच साठते आहे. मेकॅनिक खालून हवेचा झोत मारून ती मोकळी करतो. घरी तार खुपसू नये, नळी फाटते.

थेंब पाण्यासारखे नसून हिरवट किंवा गुलाबी, चिकट असतील, तर ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ.

दुसरी पाहायची वस्तू म्हणजे केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो समोरच्या खणाच्या मागे असतो. चहाच्या गाळणीला चोथा बसावा तसा त्याला केर बसतो. वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला तो बदलावा असे साधारण सांगतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पण जी गाडी पावसाळ्यात कोकणात जाऊन आली, तिचा त्याआधीच काढून पाहावा. ओला, काळा, पानांनी भरलेला दिसला तर नवा घालावा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा लावणे म्हणजे ओलच परत बसवणे आहे. काही जुन्या गाड्यांत हा फिल्टर नसतोच, तेव्हा नसलेल्या फिल्टरचे पैसे द्यायचे नाहीत, हेही ध्यानात असू द्या!

नळी मोकळी, फिल्टर नवा, तरी वास येतो, तर कॉइलवरच बुरशी आहे. तिच्यासाठी फेसाचे औषध मिळते. ते कॉइलवर मारून थोडा वेळ ठेवले की मळ विरघळून त्याच नळीतून बाहेर पडतो. गॅरेजमध्ये समोर उभे राहून करून घ्यावे. "एसीत गॅस भरा, वास जाईल," असे कुणी सांगितले तर मानू नका. गॅस कमी असेल तर हवा गार लागणार नाही. कुबट वासाशी त्याचा संबंध नाही. जाळ्यांमधून फिनेल किंवा अत्तर शिंपडणे हेही नको.

एक फुकटचा उपाय

मुक्कामाला पोचायच्या पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करावे, पण पंखा चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. ओल्या कॉइलवरून कोरडी हवा फिरते आणि बुरशीला ओल मिळत नाही. भांडी पुसून पालथी घालण्यासारखेच हे! गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेले जे बटण असते, ते दाबले की आतलीच हवा फिरते. धुरातून जाताना ते दाबावे, एरवी तासन् तास दाबून ठेवू नये.

डिकीतला खाऊ

परतताना डिकीत काय काय असते? आंबापोळी, आमसुले, कुळीथ, आणि हर्णैच्या बाजारातून घेतलेले सुकट-बोंबील. आतली हवा फिरवत ठेवली की डिकीतला वास फिरून समोरच्या जाळीतूनच येतो, आणि आपण उगाच एसीला बोल लावतो. मासळी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी. वास धरलाच तर स्वयंपाकघरातली युक्ती वापरावी. मासे धुताना आपण लिंबू किंवा चिंच लावतो, कारण मासळीच्या वासाला आंबटाने मारता येते. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून डिकीचा पत्रा आणि प्लॅस्टिक पुसून घ्यावे. सांडलेले दूध किंवा बैठकीखाली घरंगळून नासलेला आंबा यांना आंबट नको. जागा धुऊन, वाळवून, वर खायचा सोडा पसरावा आणि दुसऱ्या दिवशी ब्रशने काढावा.

हे वास आले तर थांबा

इथपर्यंतचे सगळे सवडीने करण्याचे. पुढचे वास मात्र थांबायला सांगतात.

गुळाच्या पाकासारखा गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुके आणि पायाखाली चिकट ओल असेल, तर इंजिन थंड ठेवणारा कूलंट आत गळतो आहे. मघाचे हिरवट-गुलाबी थेंबही त्याचेच. तो गोड लागतो आणि विषारी असतो. अंगणात सांडला तर मुलाला, कुत्र्या-मांजराला जवळ येऊ न देता धुऊन टाकावा. असे पाणी गळत असताना गाडी पुढे रेटू नये, इंजिन तापते.

पेट्रोलचा वास सतत येत असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी, सगळ्यांनी उतरावे. सीएनजीच्या गाडीत स्वयंपाकाच्या गॅससारखा वास आला तरी तेच. या गॅसना मुळात वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. घरात तो आला तर आपण दिवा लावत नाही, तीच शिस्त इथे.

वायर जळल्यासारखा वास आला तर पंखा, एसी, इंजिन सारे बंद. घाट उतरताना जळका वास येत असेल तर बहुधा ब्रेक तापले आहेत. थांबून थंड होऊ द्यावेत आणि पुढे खालच्या गिअरमध्ये उतरावे. सडक्या अंड्याचा वास पूर्वी पेट्रोलमधल्या गंधकामुळेही यायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या इंधनात गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आणला आहे. तेव्हा आता तो आला तर बॅटरी जादा तापून वायू सोडते आहे का, हे लगेच तपासून घ्यावे.

आणि शेवटचा, सर्वांत घातक. सायलेन्सरचा धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो म्हणून निदान संशय तरी येतो. तो अत्तराने झाकला तर तीही सोय गेली. कोकणातून परतताना आंब्याच्या पेट्या मावत नाहीत म्हणून डिकी अर्धवट उघडी ठेवून दोरीने बांधायची, ही तर नेहमीची गोष्ट. गाडी पळू लागली की मागचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो, आणि मागे बसलेल्या मुलांना तो आधी लागतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. आपण म्हणतो, "घाट आहे ना, गाडी लागली असेल." गाडी लागते ती बहुधा एक-दोघांना. पण सपाट रस्त्यावरही सगळ्यांचेच डोके दुखू लागले आणि उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले, तर लिंबाची फोड देऊन भागणार नाही. काचा उघडा, थांबा, सगळ्यांना बाहेर काढा. कुणी नीट जागे होत नसेल, बरळत असेल तर तडक दवाखाना गाठा. पुढे सायलेन्सर आणि त्याचे सांधे तपासल्याशिवाय त्या गाडीतून प्रवास नको.

डिकी लागत नसेल तर दोन पेट्या मागे ठेवाव्यात, एसटीने मागवाव्यात. उत्सवाच्या गर्दीत खोली मिळाली नाही, म्हणून बंद गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपायचे, हेही कदापि करू नये. झोपेत नाक आपल्याला जागे करत नाही.

मेकॅनिकला काय सांगाल?

"वास येतो" एवढेच सांगितले की मेकॅनिक पाच मिनिटे हुंगतो आणि म्हणतो, "ठीक आहे, ताई." म्हणून आधी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. वास कशासारखा आहे: ओल्या फडक्यासारखा, मेल्यासारखा, गोड, जळका की धुराचा? कधी येतो: एसी सुरू करताच, बंद केल्यावर, चढणीवर, की सिग्नलला उभे असताना? बाहेरची हवा घेतली की वाढतो, की आतली फिरवली की? आणि गाडीखाली पाणी ठिबकते का, गालिचा ओला आहे का? बाहेरची हवा घेताच वास वाढत असेल तर कारण काचेखालच्या खाचेत किंवा इंजिनाकडे असण्याचा संभव जास्त. आतली फिरवल्यावर वाढत असेल तर गालिच्यात किंवा डिकीत. एसी लावतानाच येत असेल तर कॉइल.

गाडी गॅरेजमध्ये रात्रभर बंद ठेवायला सांगावी आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्वत: हजर राहावे. वास त्याच वेळी सर्वांत ठळक असतो, आणि त्या वेळी आपले ताजे नाक तिथे असलेले बरे.